आंधळा बंगला आणि तानीचं चित्र

कुठलंही बांधकाम संपलं की सेंट्रिंगच्या फळ्या उरतात. कुणाला खिळे, कुणाला चुन्याचे डाग, आणि एकीची लांबी दुसरीला जुळत नाही. टाकून द्यायला मन होत नाही, ठेवायला जागा नसते. मग त्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि दरवर्षी म्हणायचं, यंदा यांचं काहीतरी केलं पाहिजे. माझ्याकडच्या किश्शांचं तसंच झालं आहे. आज तुम्ही चार जण बसलाच आहात, तर म्हटलं थोड्या फळ्या उचलू.

लोणावळ्याच्या वरच्या अंगाला टेकडीवर नव्या धाटणीच्या चित्रांचं जे संग्रहालय आहे, ते बांधताना मी तिथे ओव्हरसियर होतो. हे दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दोनतीन वर्षं आधीचं. आता परदेशातली माणसं हातात पुस्तकं धरून ते बघायला येतात आणि छपराकडे बघून माना डोलावतात. पाटीवरचं नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला आंधळा बंगला म्हणायचो, कारण त्याला एकही खिडकी नाही.

मुंबईच्या एका शेठजींना चित्रं जमवायचा नाद होता. विलायतेत शिकून आलेल्या एका तरुण आर्किटेक्टकडून त्यांनी नकाशा काढून घेतला. त्याला सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. मी तळेगावचा. काम संपलं तेव्हा कुठल्या कुलपाची किल्ली कुठली हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, म्हणून मलाच तिथला व्यवस्थापक केलं. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आजही फार कळतं असं नाही.

* * *

परंदवडीचा रावबा आमचा मुख्य गवंडी. साठीच्या पुढचा, तोंडानं फटकळ, पण नुसत्या नजरेनं भिंत सरळ उचलणारा. साहेबांनी त्याच्यापुढे नकाशा पसरला. रावबानं तो आधी सरळ पाहिला, मग स्वतः पलीकडे जाऊन उलटा पाहिला.

"खिडक्या दुसऱ्या कागदावर हायती का?"

साहेब म्हणाले, "खिडक्या नाहीतच. उजेड वरून येणार, छपरातल्या काचांतून, आणि तोही फक्त उत्तरेचा. चित्रांना ऊन सोसत नाही."

"आन् मानसाला?"

साहेब हसले. रावबा हसला नाही.

छप्पर करवतीच्या दातांसारखं होतं, मुंबईच्या गिरण्यांना असतं तसं. त्यामुळे टेकडीवर सुताची गिरणी येणार अशी हूल उठली आणि आंबी गावचे आठदहा जण कामाला नाव लावायला आले. मी सांगितलं, अहो, इथे चित्रं असणार आहेत. त्यातला एक म्हातारा बराच वेळ विचार करून म्हणाला, "मंग चित्रं विनायला तरी मानसं लागतीलच की."

पूर्वेची भिंत छातीपर्यंत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मधोमध हातभर जागा मोकळी सोडली आहे. मी रावबाला विचारलं. तो म्हणाला, "आमच्या घरान्यात बिनडोळ्याची भित कुनी बांदली न्हाई. गोठ्याला बी झरोका असतो."

साहेबांनी ती जागा पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "भरून घ्या." रावबानं भरली. पण चुना लावला नाही, नुसते दगड ठासून बसवले आणि वरून गिलावा ओढला. का, तर म्हणे, "उद्या तुमच्या सायबाला गुदमरलं तर काडाय सोपं."

ही गोष्ट साहेबांपर्यंत कधी पोचली नाही असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. एकदा ते सहज आले, पूर्वेच्या भिंतीशी थांबले आणि म्हणाले, "रावबाची खिडकी ठीक आहे ना?"

* * *

बिगारीकामाला बायका नवलाख उंबरे या गावाहून यायच्या. त्यातली एक सरू. विशीतली, कमी बोलणारी, घमेलं डोक्यावर असताना मान जराही न हलवणारी. नवरा मुंबईला गोदीत. कडेवर सहा महिन्यांची मुलगी, तानी. कामाच्या जागेच्या मधोमध एक जांभळीचं झाड होतं, त्याच्या फांदीला सरू तानीची झोळी बांधायची. जाता येता एक हिसका द्यायचा आणि पुढे जायचं.

नकाशाप्रमाणे ते झाड पडायचं होतं. तिथे चौक येणार होता, अगदी काटकोनातला. मी झाड तोडायला दोन माणसं पाठवली. ती कुऱ्हाडी घेऊन गेली आणि झाडाखाली बसून राहिली.

मी विचारलं, "काय झालं?"

"पोर निजलंय."

दुपारी पुन्हा पाठवली. पोर जागं होतं, पण आता ते झोळीतून बघून हसत होतं, म्हणून तोडवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी चिडून साहेबांकडे तक्रार केली. साहेब स्वतः आले, झोळीपाशी पाच मिनिटं उभे राहिले, एकदा त्यांनीही हिसका दिला. मग त्यांनी नकाशा मागितला, खिशातून पेन्सिल काढली आणि चौकाची पश्चिमेची भिंत चार फूट तिरकी केली. सरळ रेषेपुढे ज्यांना देव दिसत नव्हता, ते हे साहेब.

त्या तिरक्या भिंतीवर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. निसर्गाशी संवाद, मोकळ्या आकाराचा शोध, असं बरंच काही. मला कुणी विचारलं की मी म्हणतो, हो, तसंच असेल.

* * *

साहेबांचा एक चित्रकार मित्र काम बघायला दोन दिवसांसाठी आला आणि दीड महिना राहिला. बिगारी त्याला रंगारी म्हणायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्याला दाराला रंग लावायला सांगितलं आणि त्यानं तो लावलाही. त्यामुळे त्याच्याविषयी सगळ्यांचं मत चांगलं झालं.

मग तो जांभळीखाली बसून चित्र काढू लागला. तीन दिवसांनी त्यानं ते सगळ्यांना दाखवलं. मी जवळ जाऊन पाहिलं. झोळी म्हणजे एक जाड पिवळी रेघ. आत एक निळा गोळा, त्याच्यावर दोन बारीक आडव्या रेषा. बस्स.

रावबानं डोळे बारीक केले. "नाक कुटंय?"

रंगारी काही बोलायच्या आत मागून सरू आली. घमेलं खाली न ठेवताच तिनं पाहिलं आणि म्हणाली, "ही माजी तानी."

रावबा म्हणाला, "कशावरनं? नाक न्हाई, तोंड न्हाई."

"झोपली की ती अशीच दिसती."

"आन् निळी?"

"जांभळीखाली निळीच दिसती, आबा. तुमी कदी वाकून बगितलंय का?"

रावबा खरोखरच उठला, झोळीपाशी गेला आणि वाकला. बराच वेळ तसाच राहिला. परत आल्यावर नाकाची चौकशी त्यानं पुन्हा केली नाही. रंगाऱ्यानं नंतर मला सांगितलं की त्याच्या आयुष्यात त्याचं चित्र इतक्या लवकर कुणाला कळलं नव्हतं. त्यानं ते मुंबईला नेलं आणि बंगला पुरा झाला की इथेच टांगायला देईन म्हणाला.

* * *

हा पुढचा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण तो वगळला तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

स्लॅब टाकायला घेतला की मधे थांबता येत नाही. थांबलात तर जुन्या आणि नव्या मालात सांधा राहतो, आणि लोणावळ्याच्या पावसात तो सांधा दरवर्षी रडतो. म्हणून स्लॅबच्या दिवशी खालपासून वरपर्यंत माणसांची रांग लागते. घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतं. त्या रांगेत सरू शिडीच्या मधल्या पायरीवर होती.

सकाळी दहाच्या सुमाराला ती खाली उतरून माझ्याकडे आली. "भाऊ, तानीचं आंग लय तापलंय. मी जाऊ का?"

मी वर बघत होतो. निम्मा गाळा, म्हणजे दोन तुळयांमधला भाग, भरला होता. मी म्हटलं, "एवढा गाळा होऊ दे. दोन तास."

"बरं," म्हणाली आणि परत शिडीवर चढली.

एक बाई कमी झाली असती तर रांग जरा ढिली पडली असती, इतकंच. हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या डोक्यात सांधा होता.

दोन तासांनी ती तानीला घेऊन लोणावळ्याच्या दवाखान्यात गेली आणि तिथून गावी. चौथ्या दिवशी तानी गेली. मी डॉक्टरांना जाऊन भेटलो. ते म्हणाले, त्या दोन तासांनी काही फरक पडला नसता. मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, तिसऱ्यांदा जरा वैतागून.

तीन आठवड्यांनी सरू कामावर आली. आधी जांभळीची झोळी सोडली, घडी करून कनवटीला खोचली आणि घमेलं उचललं. मला ती काही बोलली नाही. मी तिला काही बोललो नाही. तिला पुढे मूल झालं नाही.

स्लॅब उत्तम झाला. आजवर एक थेंब गळलेला नाही. परदेशातल्या एका जाड पुस्तकात त्या छताचा पानभर फोटो आहे. पाहुणे मला तो कौतुकानं दाखवतात. मी पान उलटतो.

* * *

उद्घाटनाला मोठी माणसं येणार होती, त्यामुळे काम करणाऱ्यांना बोलावणं नव्हतं. साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी आदल्या दिवशी दुपारी सगळ्या काम करणाऱ्यांना आत घेतलं. पायताणं बाहेर काढून, डोईवरचे पदर सारखे करून सगळे देवळात आल्यासारखे रांगेनं फिरले.

रावबानं एकाही चित्राकडे पाहिलं नाही. तो भिंतीवर तळहात फिरवत पूर्ण चक्कर मारून आला. साहेबांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"भित बरी झालीय. आता त्येच्यावर लोक काय काय टांगत्यात, त्येला मी काय करू?"

सरू दक्षिणेच्या दालनात थांबली होती. रंगाऱ्यानं शब्द पाळला होता. तानीचं चित्र तिथे टांगलेलं होतं. तुम्हाला सांगतो, त्या काळी आमच्याकडे लहान पोराचा फोटो कुणी काढत नसे. तानीचा चेहरा म्हणून जगात जे काही उरलं होतं ते त्या दीड हात कापडावर होतं.

सरूनं मला विचारलं, "ही हितंच ऱ्हाईल न्हवं, भाऊ?"

"इथेच राहील."

"कुनी न्हेनार न्हाई?"

"मी आहे तोवर नाही."

असलं वचन द्यायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. चित्रं शेठजींनी नेमलेल्या विश्वस्तांच्या ताब्यात, मी नुसता किल्ल्या सांभाळणारा. पण त्या वेळी तिला मी काहीही कबूल केलं असतं. ती म्हणाली, "मंग झाडलोट मला द्या." मी दुसऱ्याच दिवशी दिली.

* * *

दालनात मी एक पाटी लावली होती, 'चित्रांना हात लावू नये.' सरूला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिला ती वाचून दाखवली आणि समजावून सांगितलं, चौकट कोरड्या फडक्यानं पुसायची, कापडाला बोटही लागता कामा नये. माणसाच्या हाताला तेल असतं, घाम असतो, रंग खराब होतो.

तिनं नीट ऐकून घेतलं. त्यानंतर तो नियम तिनं माझ्यापेक्षा कडकपणे पाळला. तानीच्या चित्रालाही तिनं कधी बोट लावलं नाही. रोज सकाळी चौकट पुसायची, एक पाऊल मागे यायचं, क्षणभर थांबायचं आणि पुढच्या चित्राकडे जायचं.

एकदा शेठजी पाहुणे घेऊन आले. पाहुण्यांना समजावून सांगता सांगता त्यांनी एका चित्रातल्या लाल रंगावर बोट टेकवलं. सरू कोपऱ्यात पुसत होती. ती तिथूनच म्हणाली, "शेठ, हात खाली."

सगळी इमारत ज्याच्या पैशानं उभी, ती भिंत ज्याची, चित्र ज्याचं, त्या माणसाला ही सांगतेय! शेठजींनी तिच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. शाळेत मास्तरांनी हटकलं की घेतो तसा. जाताना मला म्हणाले, "बाईला कायम करा."

* * *

लोणावळ्याचा आषाढ तुम्हाला ठाऊक आहे. धुकं दारातून आत येतं, आपल्या शेजारी बसतं आणि जेवल्याशिवाय जात नाही. साहेबांनी भिंतींचा विचार केला होता, उजेडाचा केला होता, ओलीचा करायचा राहिला. पहिल्याच पावसाळ्यात चित्रांची कापडं सैल पडली. दोन चौकटींवर बुरशी आली. मी मुंबईला पत्रं लिहिली. तिथून यंत्राविषयी एक छापील कागद आला. यंत्र आलं नाही, कारण तोवर लढाई सुरू झाली होती आणि विलायतेहून साधा खिळाही येत नव्हता.

सरूनं विचारलं, "भाऊ, बाळंतिनीच्या खोलीत पोराचं कपडं कसं वाळवत्यात, ठावं हाय का?"

मला ठाऊक होतं. आमच्या घरीही तेच करायचे. शेगडीत धूर गेलेले निखारे, वर उपडी घातलेली बांबूची पाटी, म्हणजे टोपली, तिच्यावर लंगोट आणि टोपडी. पण चित्रांच्या दालनात शेगडी! नियमाच्या पुस्तकात विस्तव हा शब्दच लाल अक्षरात होता. मी दोन दिवस नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या चौकटीवर बुरशी दिसली आणि मी हो म्हणालो. प्रत्येक दालनाच्या मधोमध एक शेगडी, तिच्यावर पाटी, बाजूला पाण्याची बादली, आणि या शेगडीवरून त्या शेगडीकडे फिरणारी सरू. पावसाळाभर ती दालनं सोडून हलली नाही.

पुढल्या काही वर्षांत मुंबईत चांगल्या चांगल्या ठिकाणची चित्रं ओलीनं गेली. आमचं एकही गेलं नाही. लढाई संपल्यावर मुंबईहून एक तज्ज्ञ मुद्दाम भर पावसात हे बघायला आले. सूट, चष्मा, हातात वही. मी अहवालात 'स्थानिक उपकरणाने कोरडी उष्णता' असं लिहिलं होतं, त्यामुळे ते उपकरण शोधत होते. सरूनं त्यांना शेगडीवरच्या पाटीजवळ नेलं. ते वाकले, ऊब लागली तसा चष्म्यावर दव आलं, ते त्यांनी पुसलं आणि विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं?"

सरू म्हणाली, "माज्या सासूचं."

आम्ही सगळे हसलो. तज्ज्ञही हसले, माणूस मनानं चांगला होता. मग ते दालनं बघत फिरले आणि तानीच्या चित्रापुढे उभे राहिले. पाऊण तास उभे होते. रंग इतका ताजा कसा, म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होते. तो तसा राहिला नसता तर त्यांचं लक्ष गेलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

* * *

चार महिन्यांनी विश्वस्तांचं पत्र आलं. त्या तज्ज्ञांच्या शिफारशीवरून परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयानं तानीचं चित्र मागितलं होतं. बदल्यात ते तिकडची तीन चित्रं देणार होते. चित्र कायमचं जायचं होतं.

मी नाही म्हणून लिहिलं. कारण काय लिहू? 'झाडणाऱ्या बाईची मुलगी आहे' असं संस्थेच्या छापील कागदावर लिहिता येत नाही. मी लिहिलं की प्रवासात चित्राला धोका आहे. उत्तर आलं, विमा उतरवला आहे. पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, हा संस्थेचा मोठा बहुमान आहे. साहेब आजारी होते. रंगारी तेव्हा परदेशातच असायचा, आणि तानीचं काय झालं हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मीही नाही.

ते पत्र मी आठ दिवस कोटाच्या खिशात घेऊन फिरलो. नवव्या दिवशी सरू झाडू भिंतीला टेकवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कागद आलाय न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमी आठ दिस झालं, त्या भिंतीकडं बगत न्हाई."

मी तिला सगळं सांगितलं. बोटीनं जाणार, तिकडेच राहणार, परत येणार नाही. तिनं विचारलं, "तितं थंडी आसंल?" मी म्हटलं, असते.

"तुमी म्हनलावता, मी हाय तवर न्हाई."

"म्हणालो होतो."

"तवा बी दोन तास म्हनलावता."

इतक्या वर्षांत ती त्याविषयी एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. बोलून झाल्यावर झाडू घेतला आणि उरलेलं दालन झाडलं. मला त्या दिवशी जे वाटलं ते मी तुम्हाला सांगू शकेन असं मला वाटत नाही. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि एका वयस्क माणसानं रडू नये तसा रडलो.

* * *

चित्र न्यायला तेच तज्ज्ञ आले. बरोबर सुतारानं केलेली लाकडी पेटी आणि छापील कागद. चित्र पेटीत घालण्याआधी त्याची तपासणी करायची पद्धत असते. भिंग घेऊन वीत न् वीत बघायची, कुठे तडा आहे, कुठे पोपडा आहे, सगळं लिहायचं, म्हणजे पलीकडे पोचल्यावर तक्रार नको. कागदावर त्यांची सही आणि सांभाळणाऱ्याची, म्हणजे माझी. माझ्या सहीखाली तोवर एकही खोटं अक्षर गेलं नव्हतं. हा माझा अभिमान होता, आणि विश्वस्तांनाही तो ठाऊक होता.

तज्ज्ञ चहा घेत होते. मी चित्र भिंतीवरून उतरवून मेजावर ठेवलं. सरू आली. धुवट हिरवं लुगडं नेसली होती आणि डोळ्यांत काजळ घातलं होतं. इतक्या वर्षांत तिच्या डोळ्यांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

तिनं मला बाहेर जायला सांगितलं नाही. इकडे तिकडेही पाहिलं नाही. मेजापाशी आली, उजव्या हाताचं बोट डोळ्याच्या कडेला लावलं आणि ते चित्राकडे नेलं. माझा हात उठला होता. तो मी तसाच कोटाच्या खिशात घातला.

निळ्या गोळ्यावर, त्या दोन मिटलेल्या रेषांच्या खाली, डाव्या अंगाला तिनं बोट टेकवलं. अलगद, झोपलेल्याला जाग येऊ नये इतकं. मग दोन्ही हात चित्रावरून ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि बाहेर गेली.

तज्ज्ञ आले. चष्मा पुसला, भिंग घेतलं, वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पिवळी रेघ झाली, दोन बारीक रेषा झाल्या. गालापाशी भिंग थांबलं.

"हा काळा ठिपका कसला? पावसाळ्यात मी पाहिलं तेव्हा नव्हता."

मी म्हटलं, "होता."

त्यांनी भिंग खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात सरू पाठमोरी बसली होती.

"काय लिहू?"

"लिहा, डाव्या गालावर काळा ठिपका. मूळचा."

त्यांनी लिहिलं. कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.